कळमनुरीच्या दवाखान्यातलं ‘काहून?’

दवाखान्यात कंपौंडर म्हणून आयुष्य गेलं की औषधांची नावं विसरतात, माणसांचे प्रश्न मात्र डोक्यात साठून राहतात. निजामाच्या अमदानीत मी कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात होतो. आमच्या डॉक्टरांना समजावून सांगायचा भारी नाद! पेशंटनं ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, म्हटलं की रांग थांबलीच म्हणून समजा.

•

एक आजोबा हळदीच्या शेतातून थेट आले, हात पिवळेधमक. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, बघितला आणि झटकला.

“झटकला ना ताप? मंग जातो मी!”

डॉक्टरांनी बसवून सांगितलं, पारा गरमीनं फुगतो, काच फक्त ताप मोजते.

आजोबा वैतागले. “नुसता मोजून काय करता? काढा की!”

•

कुरुंद्याची एक बाई लेकीला घेऊन आली. पोरीला हिवताप.

“थंडी एक दिवसाआड काहून येती?”

“जंतू रक्तात वाढतात. वाढायला वेळ लागतो. फुटले की हुडहुडी भरते.”

“म्हंजे मधल्या दिवशी बी ती आजारीच व्हती?”

“होय बाई.”

बाईनं लेकीला जवळ ओढलं. “मधल्या दिवशी मी तिला निंदायला नेत व्हते हो!”

कोयनेलच्या कडू गोळ्यांनी पोरगी बरी झाली. आई मात्र पुढं कधीही बाजारात भेटली की विचारायची, “कंपौंडरसाहेब, तवा तिला लई दुखत असंल का?”

•

एका धनगराचं धाकटं लेकरू दिवस मावळला की धडपडायचं. डॉक्टर म्हणाले, “अंधारात बघायला डोळ्याला जे सत्त्व लागतं, ते कलेजीत असतं. बकऱ्याची कलेजी खाऊ घाला.”

“कलेजी? ती आमी पाव्हण्याच्या ताटात वाढतो.”

मग त्यानं बाहेर बसलेल्या थोरल्याला हाताला धरून आत आणलं. दोन्ही बुबुळं पांढरी. डॉक्टरांनी बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

धनगर दाराबाहेर उभ्या मेंढरा-बकऱ्यांकडं बघत राहिला. “औषध माझ्या म्होरं चालत व्हतं, डॉक्टर!”

•

पटकीच्या साथीत आम्ही एका गावच्या विहिरीत लाल दवा टाकली. पाणी गुलाबी झालं. कुणी प्यायला तयार होईना. डॉक्टर जंतूंबद्दल सांगायला लागले, तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली. त्याच आठवड्यात तिची दोन्ही पोरं गेली होती.

“जंतूचं त्यांना सांगा. मी पिऊन दावते. मला आता काय व्हायचंय?”

ओंजळीनं प्याली. मग सगळं गाव प्यालं.

•

वारंगा फाट्याकडचा एक शेतकरी, तिशीचा, धडधाकट, बायकोसोबत छकड्यातून आला. दोन दिवस पाणी पिववत नव्हतं. पेला दिसला की गळा आवळायचा. दोन महिन्यांमागं कुत्रं चावलं होतं. जखमेत मिरची भरली, जखम बुजली, विसरून गेले.

बायको ओट्यावर बसली होती. त्यानं डॉक्टरांना विचारलं, “पाण्याला काहून भिऊन राहिलो मी?”

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. हा रोग कुत्र्याच्या लाळेतून येतो, मेंदूत चढतो, मग नुसत्या पाण्याच्या दर्शनानंही गळा आवळतो, शेवटी माणूस बेभान होऊन अंगावर धावतो.

“औषध?”

“तेव्हाच सुया घेतल्या असत्या तर... आता नाही.”

मग त्यानं बायकोला हाक मारली. “गोदे, लई तहान लागली. वेशीबाहेरच्या विहिरीचं ताजं पाणी आण.”

ती तांब्या घेऊन पळतच गेली. तो आमच्याकडं वळला. “आता बांधा मला. तिच्यादेखत नको.”

आम्ही त्याला आतल्या खोलीत बांधलं.

ती धापा टाकत आली. डॉक्टर दारातच होते. त्यांनी तांब्या घेतला, मधल्या खोलीत आले, दार लोटलं आणि उभ्या उभ्या सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं. मग बाहेर जाऊन रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

“प्याले?”

“प्याले. सगळं.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली असेल.

“थांबा, आनखी आणते!”