तोड्यांच्या चांदीतला चेहरा

नरसय्यामामा कुणाचाही फोटो हातात आला की आधी तो उलटा धरत, डोकं खाली आणि हनुवटी वर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. "सुलटा धरला की मानूस दिसतो बे," ते म्हणाले, "नाक दिसत न्हाय. मला नाक कोरायचंय."

मामा आता नाहीत. सोलापुरात नवी पेठेतल्या ज्या सराफाकडे मी नोकरीला आहे, तिथली चांदीची नाणी त्यांच्याच ठशांवर निघत. दिवाळीची लक्ष्मी, नाहीतर वर्षश्राद्धाला वाटायचा कुणाच्या वडिलांचा चेहरा. चांदी मुशीत वितळवायची, रुळांतून पत्रा काढायचा, चकत्या कापून, तापवून नरम करायच्या आणि दोन पोलादी ठशांमध्ये ठेवून दाबायच्या. ऐकायला सोपं. पण ठशात चेहरा खोल आणि आरशातल्यासारखा उलटा कोरावा लागतो, आणि ते आमच्याकडे एकट्या मामांना जमे. अकलूजच्या एका बागायतदाराने वडिलांच्या सुरकुत्या काढायला सांगितल्या, तर मामा म्हणाले, "सुरकुत्या काढल्या तर म्हाताऱ्याला ठेवू कुटं?" हल्लीचा रुपया दिसला की ते नाक मुरडत. "स्टील हाय. वाटीची बहीण. चेहरा उठायला धातू मऊ पायजे की. नुसत्या दाबानं काय उठतंय?"

त्यांचा एकुलता एक मुलगा शिनू कॉलेजातून येताना ट्रकखाली गेला. मामा रडले नाहीत, आणि मला त्यांचा चक्क राग आला. साखरेने त्यांचे डोळेही जात चालले होते. तरी त्यांनी शिनूचा ठसा कोरायला घेतला. हा फोटो मात्र समोर सुलटाच ठेवला होता. सगळा उन्हाळा त्यात गेला. ठसा माझ्या हातात देताना म्हणाले, "आता दिसतच न्हाय. दुसरा व्हनार न्हाय माझ्याच्यानं."

मामींनी पायातले तोडे काढून पुढे ठेवले. "ह्याच्यात पाडा त्याला."

मामांच्या सांगण्यावरून मी ते कसोटीवर घासले. निम्मं तांबंच होतं.

"लई कडक हाय," मामा म्हणाले. "चेहरा उठायचा न्हाय."

मी दुकानातली शुद्ध चांदी देऊ केली. मामींनी मान हलवली. "ह्या तोड्यांना धरून तो पयल्यांदा उभा राह्यला."

"मग गाळून तांबं तेवढं काढतो," मी म्हणालो.

"काय बी काढायचं न्हाय. तांबं बी माझंच हाय."

तोडे तांब्यासकट वितळवून चकती कापली. प्रेस मीच चालवला. पहिल्या दाबाला केस आले, कान आले; नाक, ओठ, डोळे जिथे हवेत तिथे सपाट. पुन्हा तापवून दाबलं, तसंच. तिसऱ्यांदा मी होता तेवढा जोर लावला आणि ठसा मधोमध तडकला. नाण्यावरचा चेहरा सपाटच राहिला. तडकल्याचा तो आवाज कसला हे मामांना सांगावं लागलं नाही.

"आलाय का?" त्यांनी विचारलं.

मामींनी नाणं उचललं, उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं.

"आलाय की," त्या म्हणाल्या. "हसतोय."

मामांनी हात पुढे केला. "दे. हाताला लागू दे."

मामींनी मूठ मिटली. "ऱ्हाऊ द्या. गरम हाय अजून."

नाणं केव्हाच गार झालं होतं. मामांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग "बरं," म्हणून त्यांनी तो मागे घेतला.