पलंगपोसाखालचा कठडा

विलारिन्यो गावात देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर सगळ्यात लांब सज्जा बेल्मीरोच्या घराचा. चेस्टनटच्या लाकडाचा, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला. त्याच्या सासऱ्यानं तो स्वतःच्या हातानं बांधला होता आणि सासऱ्याची लेक, म्हणजे बेल्मीरोची बायको एतेल्विना, तो जिवापाड सांभाळायची. पानगळीत चेस्टनट वेचून झाले की ती बाह्या सरसावून फळी न् फळी धुवायची, उन्हात वाळू द्यायची, मग उकळलेलं जवसाचं तेल फडक्यानं लाकडात जिरवायची. घरभर तेलाचा वास दरवळायचा. बेल्मीरो खुर्चीत बसून हसायचा.

"लाकडाला मालीश करतेस. माझी पाठ दुखते ती दिसत नाही तुला?"

"तुझी पाठ रात्रभर पावसात असते का?" ती मान वर न करता म्हणायची.

बेल्मीरोनं उमेदीची वर्षं फ्रान्समध्ये रस्त्याच्या कामावर घालवली होती. परतला तो ताठ मानेनं. गावात कुणाची भिंत चढत असली की तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि तिकडे हे कसं करतात ते सांगायचा. लोक ऐकूनही घ्यायचे, कारण जग पाहिलेला माणूस.

एतेल्विना गेली. त्या पानगळीत सज्ज्याला तेल लागलं नाही. पुढच्या पानगळीत बेल्मीरोनं शहरातून चकचकीत हिरवा रंग आणला आणि जाड दोन हात मारले. सज्जा असा झळकू लागला की वाटेनं जाणारी माणसं थबकायची. दारूच्या गुत्त्यात आबीलियो म्हणाला, "तुझा सज्जा बघितल्यापासून बायको मला आमच्या सज्ज्यात पाऊल टाकू देत नाही. म्हणते, आधी रंग आण."

"मग आण की. तेलाचे दिवस गेले आता," बेल्मीरो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

आबीलियोनं रंग आणला. त्याचं बघून आणखी दोनचार घरांनी आणला.

लाकूड श्वास घेतं. त्याचं तोंड बांधलं की ते आतल्या आत मरतं, आणि वरून टवटवीत दिसत राहतं. अशी काही वर्षं गेली आणि यंदाच्या वसंतात कुंड्या हलवताना बेल्मीरोचा अंगठा कठड्याच्या एका खांबाच्या बुडाशी टेकला आणि भिजल्या पावात जावा तसा आत गेला. त्यानं पुढचा खांब दाबला. मग त्याच्या पुढचा. आत तपकिरी भुसा. त्यानं आधी खाली वाटेवर पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मग भोकांत पुट्टी भरली, वरून रंग फिरवला, आणि गुत्त्यात जाऊन नेहमीच्या जागी बसला. कठड्याला मात्र त्या दिवसापासून तो स्वतः कधी टेकला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर ख्रिस्तदेहाचा सण आला. त्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवरचं प्रत्येक घर कठड्यावरून आपला सगळ्यात चांगला पलंगपोस खाली सोडतं, आणि पाद्रीबाबांच्या डोक्यावरचा चांदवा खालून जाऊ लागला की वरून फुलांच्या पाकळ्या उधळल्या जातात. झुल्मीराकाकूंचं घर मागच्या बोळात. म्हणून त्या वर्षानुवर्षं एतेल्विनाच्या सज्ज्यातून पाकळ्या टाकत आलेल्या. सकाळीच त्या जिना चढून आल्या. एका हातात गुलाबाच्या पाकळ्यांची टोपली, दुसऱ्या खांद्यावर एतेल्विनाचा माहेरचा लाल रेशमी पलंगपोस, आदल्या दिवशी नेऊन इस्त्री केलेला.

"हा घे. एक सुरकुती सापडली तर माझं नाव बदल."

बेल्मीरोनं पलंगपोस कठड्यावर पसरला. हिरवं सगळं झाकलं गेलं. सांगायची वेळ हीच होती. त्यानं पलंगपोसाची कड सारखी केली.

"काकू, आज ऊन फार आहे. तुम्ही आतूनच बघा."

"आतून? आणि पाकळ्या कुठं टाकू, तुझ्या पलंगावर?"

"गर्दी होईल हो."

"गर्दी कोणाची? तू आणि मी! बायको गेली तसा सज्ज्याच्या बाबतीतही कंजूष झालास बघ."

वाजंत्री वळणावर आली. काकूंनी टोपली उचलली. बेल्मीरो त्यांच्या आणि कठड्याच्या मधे उभा राहिला. त्यांनी कोपरानं त्याला बाजूला सारलं, हसत, जशा त्या एतेल्विनाला सारायच्या. चांदवा दिसला. त्याचा एक दांडा आबीलियोच्या हातात होता. काकू वाकण्यासाठी कठड्यावर हात टेकायला निघाल्या, तेव्हा बेल्मीरोनं त्यांना कमरेला धरून मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं पलंगपोस खेचला. रेशमाबरोबर कठड्याचा एक तुकडा उपटून आला. वाटेवर पाकळ्यांच्या जागी भुसा पडला.

वाजंत्री वाजतच राहिली. माना मात्र वर झाल्या होत्या. आबीलियोच्या हातातला दांडा तिरका झाला.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"वसंतापासून."

"आणि आज मी जिना चढून आले, तेव्हा?"

"तेव्हाही."

"लाकूड कुजतं रे, त्याचं काय एवढं. पण ते झाकायला तिचा पलंगपोस? आणि मी तुला इस्त्री करून दिला!"

त्यानं त्यांना आधार द्यायला हात पुढं केला. काकू भिंत धरत, एकेक पायरी चाचपत, एकट्या खाली उतरल्या. टोपली तशीच भरलेली होती.

त्या संध्याकाळी गावानं त्याला गुत्त्याच्या दारावरून पुढं जाताना पाहिलं. तो थांबला नाही. आबीलियोच्या दाराशी गेला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"तुझा सज्जा बघू दे."

"आता आणखी कुठला रंग सुचवतोस?" आबीलियो म्हणाला.

बेल्मीरो त्याला घेऊन वर गेला, गुडघे टेकून बसला आणि पहिल्या खांबाच्या बुडाशी अंगठा दाबला. नख आत गेलं. त्यानं आबीलियोचा हात धरून त्याचा अंगठाही तिथं टेकवला.

"मला कळलं तेव्हाच सांगायला हवं होतं. लेकरांना इथं येऊ देऊ नकोस," तो म्हणाला. "आता पलीकडच्या घरी जातो."

आबीलियोला एरवी कशावरही थट्टा सुचायची. तो अंगठ्याला लागलेला भुसा बघत राहिला. पलीकडच्या दारावरची थाप त्याला वरूनच ऐकू आली.