आईचं कुंकू मंजूला दिसेना

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. शकुन-बिकुन असलं कोणी काही बोललं की तोंडावर हसणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

धाकट्या बहिणीला, मंजूला, थायरॉइड. गोळ्या चालू होत्या, पण डोळे बाहेर आलेले, सारखे पाणावलेले. मी म्हणायचे, "थायरॉइड आटोक्यात आला की बसतील जागेवर." शहाणी ना मी!

रविवार, सकाळचे अकरा. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमधलं माझं माहेर. आईने पोह्यांच्या डिश आणल्या आणि मंजू म्हणाली, "आई, आज कुंकू नाही लावलंस?"

लावलं होतं. रोजच्यासारखं ठसठशीत.

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या? बाबा समोर बसलेत!" आई ओरडली.

मंजू रडकुंडीला आली. "खरंच दिसत नाहीये गं! ताईची टिकली दिसतेय, लाल. तुझं कपाळ मोकळं आहे."

झालं! तेव्हापासून घरात सगळ्यांना फक्त बाबा दिसायला लागले. आईने दृष्ट काढली, चेणे गावच्या कुणा बाईकडून अंगारा आणला. आणि मी... मी हसणारी, पण मीसुद्धा बाबांचं रक्त तपासलं, ईसीजी काढायला लावला. सगळं नॉर्मल. बाबा वैतागले, "मला काय धाड भरलीय? पोरीच्या डोळ्यांचं बघा आधी."

आम्ही तीन आठवडे बघितलं नाही.

मग थायरॉइडच्या डोळ्यांचे स्पेशालिस्ट गाठले. त्यांनी एकेक डोळा झाकून बाटलीचं लाल झाकण दाखवलं. डाव्या डोळ्याला ते मातकट दिसलं. "डोळ्यामागची नस दबलीय. लाल फिका दिसला तेव्हाच आणायचं होतं." मी कुंकवाचं सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले. "रंग गेला तर सगळ्यांचाच फिका दिसेल. एकट्या आईचा कसा जाईल?"

सलाइनमधून स्टेरॉइड दिले, मग तातडीने ऑपरेशन. मंजू आत असताना बाबा बाहेर बाकावर बसले होते... बसल्या जागी गेले. हार्ट अटॅक.

मंजूचा उजवा डोळा वाचला. डावा गेला. बाबांना शेवटचं बघायला आणली तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, तिने हातानेच त्यांचा चेहरा चाचपला.

नसेचं मला कळतं. बाकीचं नाही कळत, कुणालाच सांगता येत नाही. मंजू म्हणते, "मी बोललेच नसते तर..." आई तिची हनुवटी धरते, "तुझी चूक नाही गं बाळा. बघ माझ्याकडे."

मंजू मान वर करत नाही.