डीजे डॉक्टर आणि व्हेरियस साहेब

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये दातांचे दवाखाने बरेच आहेत, पण ज्याच्या काचा थरथरायच्या असा एकच होता. दात कोरण्याचं यंत्र सुरू करण्याआधी हे डॉक्टर स्पीकरचा आवाज वाढवायचे, मग शांतपणे हातमोजे घालायचे. पेशंटला यंत्राची घरघर ऐकू जाऊ नये, हा हेतू. घरघर बुडायचीच, पण सोबत पेशंटचं ओरडणंही बुडायचं. लोक त्यांना डीजे डॉक्टर म्हणत, आणि तो त्यांना आपल्या पदवीपेक्षा मोठा किताब वाटायचा.

आई मला लोह्याहून पहिल्यांदा तिथं घेऊन गेली, तेव्हा मी नववीत होते. माझे वरचे दात माझ्या आधी खोलीत शिरायचे. बोलताना मी तोंडावर हात धरायची, आणि हाताआडून बोललेलं कुणाला कळत नसे, म्हणून हळूहळू मी बोलणंच सोडून दिलं होतं. नातेवाइकांत माझी ख्याती ‘लई गुणाची पोरगी, तोंडातून शब्द न्हाई’ अशी होती. दवाखान्याच्या पायरीवर आई थबकली. आतून धम्म धम्म धम्म.

“ह्यो दवाखाना हाय का वरात?”

“दोन्ही हाय, मावशी! या आत!” आतून उत्तर आलं.

दातांना तार बसली आणि दर महिन्याची वारी सुरू झाली. डॉक्टरांची एक खोड होती. तोंडात कापूस, नळी, आरसा असं सगळं कोंबून झालं की ते गप्पा सुरू करायचे. “शाळेत काय चालू हाय? गणित जमतंय का?” मी म्हणायची, “आँ.” ते म्हणायचे, “हाव, मलाबी न्हाई जमलं.” इतरांना याचा वैताग यायचा, मला मात्र सुख वाटायचं. जगात अशी एक खुर्ची होती, जिथं माझ्याकडून उत्तराची अपेक्षाच नव्हती. मग मी ऐकायची.

गाणी सगळी परदेशी, इलेक्ट्रॉनिक; त्यांना शब्द जवळजवळ नसायचेच. डॉक्टर एका हातात आरसा धरून दुसऱ्यानं हवेत आकृती काढत समजावायचे, “हे बघ, आधी ठोका. त्याच्यावर दुसरा आवाज चढतो. चढत चढत जातो आणि मग एकदम सगळं गप. तिथं दम धरायचा. मग ड्रॉप पडतो. भिऊ नको, दात पडत न्हाई.” इंजेक्शन ते नेमकं ड्रॉपवर द्यायचे. दात साफ करायला ट्रान्स, रूट कॅनालला टेक्नो आणि दाढ उपटायला डबस्टेप, ही त्यांची शास्त्रीय विभागणी होती. सगळं एकाच पेनड्राइव्हमध्ये, आणि सगळं ‘बेस्ट ऑफ’ नाहीतर ‘ग्रेटेस्ट हिट्स’. लातूरला कॉलेजात असताना गंजगोलाईतल्या एका गाड्यावर त्यांनी हिंदी गाण्यांची सीडी समजून असला एक संग्रह घेतला होता. “परत करायला गेलतो,” ते सांगायचे, “पण रस्त्यात एकदा ऐकून बघितलं.”

खुर्चीवरून उतरताना प्रश्न ठरलेला असायचा. “आज कोणतं आवडलं?” पहिले काही महिने मी बोटांनी दाखवलं, दुसरं, नाहीतर चौथं. मग एकदा त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली आणि हात धुवत म्हणाले, “बोटं दिसून न्हाई राहिली मला.” मी म्हणाले, “ते... पाण्यासारखं वाजत होतं ते.” माझा आवाज ऐकून आई दचकली. डॉक्टरांनी फक्त नळ बंद केला आणि तेच गाणं पुन्हा लावलं. पुढं तार निघेपर्यंत मला इतकं बोलता येऊ लागलं की मागच्या बाकावरचे पेशंट घड्याळ बघायचे.

याच जोरावर मी पुण्याला शिकायला गेले. तिथं मैत्रिणींमध्ये संगीताचा विषय निघाला. “तू कुणाचं ऐकतेस?” मी आत्मविश्वासानं सांगितलं, “व्हेरियस आर्टिस्ट्स.” दवाखान्याच्या स्क्रीनवर दर गाण्याखाली तेच नाव यायचं. हे कुणी व्हेरियस नावाचे गोरे गृहस्थ असावेत आणि त्यांची प्रतिभा अफाट असावी, असा माझा समज होता. मी वर हेही म्हणाले, “पण त्यांची सुरुवातीची गाणी जास्त चांगली आहेत.” ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ म्हणजे नुसतं ‘निरनिराळे कलाकार’, हे हसू आवरल्यावर त्यांनी मला सांगितलं. मैत्रिणी अजूनही माझ्या वाढदिवसाला व्हेरियस साहेबांच्या शुभेच्छा पाठवतात. मैत्रिणींसोबत पहिल्यांदा खऱ्या कार्यक्रमाला गेले, तेव्हा ड्रॉप पडला. सगळ्यांनी हात वर केले. मी आ वासला.

अपमान झालेल्या माणसाचं होतं तेच माझं झालं. मी तज्ज्ञ झाले. महागडे हेडफोन घेतले, काळे कपडे घालायला लागले, संग्रह ऐकणाऱ्यांची कीव करायला लागले. दिवाळीला आले ती थेट दवाखान्यात. “डॉक्टर, असे तुकडे ऐकून संगीत कळत नसतं. सलग अल्बम ऐकायला हवा. प्रवास असतो तो.”

खुर्चीत चाकूरचे एक काका तोंड उघडून बसले होते. डॉक्टर त्यांच्या दाढेत बघत म्हणाले, “पाहुण्याला पहिल्यांदा गावात आणलं तर काय करतीस? घरोघर हिंडवतीस का? चौकात नेतीस, चार चांगली माणसं भेटवतीस, च्या पाजतीस. आवडलं तर तो ऱ्हायला येतो. न्हाई तर च्या पिऊन गेला. काय बिघडलं?”

मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. माझा एक सखोल ट्रॅक लावला. बराच वेळ त्यात नुसती खरखर होती, मग दुसरी खरखर आली. डॉक्टर मात्र मान डोलवत शेवटपर्यंत ऐकत राहिले. काकांनी अखेर तोंडातली नळी काढली आणि फार नम्रपणे विचारलं, “ताई, गाणं कधी सुरू करून राहिल्या?”

गेल्या वर्षी डॉक्टर झोपेतच गेले. त्यांची मुलगी प्रज्ञा हिचा फोन आला. “ताई, पुण्यानुमोदनाच्या सभेला बाबांचं एक गाणं लावायचंय. कोणतं लावू?” माझ्या एवढ्या वर्षांच्या अभ्यासाला पहिल्यांदाच कुणीतरी हाक मारली होती. मी गंभीर, संथ, प्रसंगाला साजेशी चीज सुचवली. ती म्हणाली, “ते संपेपर्यंत जेवणं थंड होतील. बाबा लावायचे त्यातलं सांगा ना.” मग मी म्हणाले, “पेनड्राइव्हवरचं पहिलं लाव.”

सभागृहात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. बुद्धवंदना झाली, दोन-तीन जण बोलले, एक जण नुसताच फोटोला हात जोडून खाली उतरला. प्रज्ञानं मला पुढं बोलावून बटण दाबायला सांगितलं. ठोका सुरू झाला. मागं कुजबुज झाली, कुणीतरी उठून स्पीकर बिघडलाय का बघायला निघालं. आवाज चढत गेला आणि एकदम सगळं गप झालं. संपलं असं समजून पुढच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकून उठले. तेवढ्यात ड्रॉप पडला आणि ते परत खाली बसले. प्रज्ञा हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि मग मलाही.

गाणं संपलं. कुणाला काय करावं कळेना. पहिल्या खुर्चीवर डॉक्टरांची थोरली बहीण बसली होती, शेतातून थेट आल्यासारखी, पायांना माती. दवाखान्यात ती कधीच गेली नव्हती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“हे वाजवायचा व्हय दिसभर?”

“हो, आत्या.”

ती फोटोकडं बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “आजून येक लाव.”