कापसाच्या खोलीतली मोटारसायकल

मी चौथीपर्यंत शिकलो, पण गाडीचं मला कोणी शिकवलेलं चालत नाही. ही मोटारसायकल तरुणपणी नवी घेतली. मागे बायको, पुढे टाकीवर लेक, अशी गिरडची टेकडी हिच्यावर चढलो. पुढे माझा गुडघा धरला आणि गाडी कापसाच्या खोलीत गेली. कितीतरी वर्षं कापसाच्या आडच राहिली.

यंदा वेचणीच्या आधी लेकाने खोली मोकळी करायला काढली.

"बाबा, सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला. तोवर सुरू झाली तं ठेवू, नाई तं देऊन टाकू."

"होते सुरू. तुले काय समजते गाडीतलं?"

टाकी धुतली, नवं पेट्रोल-ऑइल टाकलं, प्लग घासला. किक मारमारून गुडघा सुजला. गाडी दोनदा फुसफुसायची आणि गप्प. बायको म्हणाली, "गाडीच्या आधी तुमालेच भंगारात द्या लागते."

आमच्या घरी सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. मी शेजारी बसलेला असलो तरी सासूला सांगते. शेतात फवारणीचा पंप बंद पडला की मात्र तीच खोलते. तिच्या शिवणाच्या डब्यात सुयांपेक्षा पंपाचे वायसर जास्त सापडतील.

रविवारी ती ओट्यावर डाळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "आत्याबाई, मामाजीले सांगा, गाडी पेट घेते, पण तिले श्वास नाई सोडता येत. सायलेन्सर खोलून पाहा म्हणा."

"ऐकलं का?" बायको.

"तिले सांग, हा काई फवारणीचा पंप नाई."

सून उठली. पदर खोचला, पान्हा घेतला, सायलेन्सर उतरवला आणि दगडावर आपटला. आतून कापूस निघाला. सरकीसकट, उंदरांनी ठासून भरलेला, एक उशी होईल एवढा. बायको हसून हसून खाली बसली. मी हसलो नाही.

सायलेन्सर चढवला. तिसऱ्या किकला गाडी सुरू! अंगणभर निळा धूर. शेजारचे बाहेर आले. असा आवाज आता गावात दुसऱ्या कोणत्याच गाडीला नाही.

"हायवेवरच्या जाम गावापर्यंत चक्कर मारून येतो," म्हणत मी गिअर टाकला. फाटकात सून आडवी उभी. सासूकडे तिने पाहिलंही नाही.

"मामाजी, उतरा. मांगचा ब्रेक लागत नाई."

लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी थेट बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य, आणि तेही हुकमाचं. मी ब्रेक दाबला. पाय पार खाली गेला. उतरलो.

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा मागचं चाक काढून ठेवलेलं होतं आणि सून ब्रेक बसवत होती. त्याने चाकाला हात घातला.

"हात नोको लावजो!" तिने मान वर न करताच सांगितलं.

त्याने लेकाकडे पाहिलं. लेकाने त्याला गंजलेली टिनं दाखवली.

दुपारी तिनेच गाडी फाटकापर्यंत नेली, दोनदा थांबवून पाहिली, मग किल्ली माझ्या हातात दिली. "आता जा. पण हायवेवर नोका जाऊ."

मी गावातल्या गावातच फिरलो. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मुद्दाम जामला गेलो असतो.