माझं वाक्य मला पुरं करू द्या

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो दुसऱ्यांची वाक्यं पूर्ण करणाऱ्या लोकांवर. मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. एखादं अक्षर ओठांवर येऊन बसतं आणि हलायला तयार नसतं. मी त्याच्याशी झटत असतो तेवढ्यात समोरच्याला उपकार करायची हुक्की येते आणि तो माझा शब्द माझ्याआधी बोलून मोकळा होतो. बहुतेक वेळा चुकीचा.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी सोल्डरिंगची गन मागायला जातो. ‘सो’वर अडकलो की काउंटरवरचा माणूस, ‘‘सोल्डर वायर ना? देतो,’’ म्हणतो, आणि मी वायर घेऊन घरी येतो. नको म्हणायचं तर पुन्हा तोंड उघडावं लागतं, आणि मागे रांग असते. हॉटेलात मिसळ मागताना माझ्यापुढे मिनरल वॉटर येऊन पडलेलं आहे. ते मी निमूट प्यायलोही आहे. लोकांना वाटतं, किती समजूतदार गृहस्थ. समजूतदार कसला, आतून नुसता धुमसत असतो.

बाहेरच्यांचं ठीक, पण घरातही तेच. बायको प्रेमापोटी करते आणि मुलगी घाईपोटी. ती नववीत असताना शाळेची पालकसभा होती. मी निघायच्या तयारीत होतो, तर म्हणाली, ‘‘बाबा, तू नको. आई येईल. तू बोलायला लागलास की सगळे खोळंबतात.’’ ती वाईट मनाने म्हणाली नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. मी बूट काढले आणि गॅलरीत जाऊन बसलो. आपल्या पोरीने आपलं एक तरी बोलणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी ते शेवटपर्यंत न्यायची हिंमत मला यायला हवी होती.

म्हणून मी भाषणांच्या मंडळात नाव घातलं. दर शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरातल्या एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही बसायचो. तिथले नियम मला आवडले. कोणी बोलायला उभं राहिलं की दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. एक जण घंटी घेऊन बसायचा आणि वक्ता ‘अं’ किंवा ‘म्हणजे’ म्हणाला की ती वाजवायचा. दुसरा वेळ बघायचा. वेळ संपत आली की पिवळं कार्ड, संपली की लाल. तरीही वक्ता थांबला नाही तर सगळा वर्ग टाळ्या वाजवून त्याला खाली बसवायचा.

माझ्या पहिल्या भाषणात घंटी आरतीला वाजावी तशी वाजत राहिली. घाम फुटला, पण मी बोललो. पुढच्या शनिवारी अध्यक्ष माझ्याजवळ आले. मोठ्या कंपनीतले साहेब, चेहऱ्यावर दहाव्याला आल्यासारखा भाव. म्हणाले, ‘‘आपल्यासाठी घंटी बंद. वेळेचंही बंधन नाही. आपण अगदी निवांत बोला.’’ त्या दिवशी मी वारज्याच्या पुलाखालच्या ट्रॅफिकवर काहीतरी भंपक बोललो. ना शेंडा ना बुडखा. आणि मला सर्वोत्तम वक्त्याचा बिल्ला मिळाला. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, मायेने. तो बिल्ला तिथेच फेकून द्यावा असं वाटलं. निघताना अध्यक्षांना गाठलं. हा आगाऊपणा आहे, असं मला त्यांना सुनवायचं होतं. ‘‘हा आ... आ...’’ एवढंच निघालं. ‘‘अहो, आभार कसले मानताय,’’ म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

पुढे बरेच शनिवार मी फुकटच्या टाळ्या खाल्ल्या. मग एकदा माझ्या भाषणावर अभिप्राय द्यायची पाळी एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंची आली. त्यांनी उभं राहून चष्मा पुसला. ‘‘भाषण वाईट होतं. मुद्दाच नव्हता. सुरुवात लांबली, शेवट उरकला. आणि यांची घंटी कोणी बंद केली? अक्षर अडकतं तिथे वाजवू नका, तो त्यांचा प्रश्न आहे. पण हे दर वाक्याला ‘म्हणजे’ म्हणतात, तिथे वाजलीच पाहिजे. वेळही सगळ्यांना आहे तीच.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘अडकलात की खाली कशाला बघता? तुम्ही मान खाली घातलीत की लोक तुमचा शब्द उचलणारच.’’

आठवडाभर मी त्या बाईंवर चरफडलो. आंघोळीला गेलो की त्यांना उत्तरं द्यायचो, आरशात बघत. पण त्याच आरशात मला कळलं, की अक्षर अडकलं की मी खरंच नजर वळवतो. दार मीच उघडं टाकत होतो. मग अडकलो तरी समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचं, हे मी शिकायला लागलो. फार कठीण गेलं. समोरचे चुळबुळतात, काही जण तर स्वतःच नजर वळवतात. वळवू देत.

वर्षाअखेरीस मंडळाने सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. बायको माहेरच्या लग्नाला गेली होती. मुलगी आली, कानात इयरफोन घालून, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. मी भाषणाचा विषय घेतला होता, न मागता मिळालेल्या वस्तू. सोल्डर वायर झाली, मिनरल वॉटर झालं, लोक हसले. तिनेही एक इयरफोन काढला. मग मी तिच्या बारशावर आलो. ‘‘नाव काय ठेवायचं ते बायकोने माझ्यावर सोपवलं होतं. कानात कुर्रर्र करायला पाळण्याशी बसली होती माझी ब... ब...’’

‘‘बहीण,’’ मागच्या बाकावरून आवाज आला. सवयीने. या खेपेला शब्द बरोबर होता, तरी माझं डोकं फिरलं.

‘‘थांब. मला म्हणू दे.’’

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. मी नजर काढली नाही. अक्षर सुटायला जितका वेळ लागायचा तितका लागला. ‘‘बहीण,’’ मी म्हणालो आणि पुढे गेलो. बहिणीने नाव विचारलं, मी सुरुवात केली, पहिल्याच अक्षरावर अडकलो. तिने त्या अक्षराचं तिला सुचलेलं नाव बाळाच्या कानात सांगून टाकलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले गेले. मी मान डोलावली. ‘‘मला ठेवायचं होतं ते नाव,’’ मी म्हणालो, आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लाल कार्ड कधीच वर गेलं होतं. त्या मंडळाने मला पहिल्यांदाच इतरांसारखं खाली बसवलं, तेही नेमकं त्या क्षणी. अख्ख्या वर्गाला शिव्या घालाव्यात असं वाटलं.

बाहेर स्कूटरपाशी ती फुगून उभी होती. ‘‘सगळ्यांसमोर ओरडलास माझ्यावर.’’

‘‘ओरडलो,’’ मी म्हणालो.

 मग तिने विचारलं, ‘‘काय होतं ते नाव?’’

मी सांगायला लागलो. तेच अक्षर पुन्हा घट्ट बसलं. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं, आणि मग तिने ते मिटून घेतलेलंही. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, ती हलली नाही. मी नाव सांगितलं.

‘‘शी,’’ ती म्हणाली. ‘‘हे? बरं झालं आत्याने ठेवू दिलं नाही.’’

माझा असा काही भडका उडाला. कितीतरी महिने मनात जपलेलं नाव होतं ते. आम्ही तिथेच भांडायला लागलो. मी तणतणत होतो, अडखळत होतो, पुन्हा तणतणत होतो. वॉचमनने गेट लावून घेतलं तरी आमचं चालूच होतं. आणि ती माझं प्रत्येक वाक्य संपेपर्यंत थांबून मगच ते कसं चूक आहे, हे मला सांगत होती.