इंजिनरूमच्या अडोमा मॅडम

अडोमा मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पंपाखाली आडव्या झाल्या होत्या आणि त्यांचे फक्त बूट दिसत होते. मी अलिबागची, नवी कोरी ज्युनिअर इंजिनिअर, सिंगापूरच्या बंदरात त्या जहाजावर नुकतीच चढले होते. बुटांनाच विचारलं, "चीफ इंजिनिअर कुठे आहेत?" आतून उत्तर आलं, "इथेच आहेत. तो पाना दे." चीफ इंजिनिअर बाई असेल हे मला, स्वतः बाई असून, सुचलं नव्हतं.

मॅडम घानाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात वाढल्या. तिथून चीफ इंजिनिअर झालेल्या त्या पहिल्या स्त्री, पण हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत. त्या सांगत इतरांबद्दल. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर कृष्णवर्णीय स्त्रियांचे फोटो ओळीने लावलेले असत: गुलामीतून निसटून पुन्हा इतरांना सोडवायला परतलेली, विमान चालवणारी, अंतराळात गेलेली, न्यायासनावर बसलेली, आणि शेवटी बंदरावर मासळी विकून मुलीला शिकवणारी त्यांची आई. चहाच्या वेळी त्या एकेकीची हकिगत सांगत. त्यात भाषणबाजी नसे. कोणाला कुठल्या दारातून परत पाठवलं आणि मग तिने काय केलं, एवढंच असे.

दसऱ्याला आमच्या मराठी खलाशांनी इंजिनाची पूजा मांडली. फिटर सावंतकाकांना वाटलं, हे फोटो मॅडमच्या घरातल्या दिवंगत मंडळींचे. त्यांनी सगळ्यांना गंध लावून कागदी फुलांचे हार घातले. मॅडम खूश झाल्या. "मग टेबलावरच्या माझ्या फोटोला का नाही?" त्यांनी विचारलं. भिंतीवरच्या फोटोला हार माणूस गेल्यावर घालतात, हे मी चाचरत सांगितलं. "अरे देवा! माझी आई तर आज सकाळीच फोनवर भांडली माझ्याशी!" सावंतकाकांचा चेहरा पडला. मॅडमनी आईचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि पेढा मागितला.

पुढे मॅडमनी सिंगापुरातच किनाऱ्यावरची नोकरी घेतली आणि त्या सेम्बावांगला राहू लागल्या. मीही लग्न करून सिंगापुरातच, बुकित बातोकला संसार थाटला. माझ्या बाळंतपणात आईला येता आलं नाही. मॅडम शेंगदाण्याचं तिखट सूप घेऊन आल्या आणि "जेवलीस का?" असं चक्क मराठीत विचारून त्यांनी मला रडवलं. खलाशांकडून तेवढंच मराठी त्या शिकल्या होत्या. माझी लेक त्यांना चीफ आजी म्हणते. "चीफ आजी व्हेरी स्ट्रिक्ट लाह," अशी सिंगापुरी इंग्रजीत तक्रारही करते.

त्यांच्या हाताखाली तयार झालेले मराठी, फिलिपिनो, बर्मी इंजिनिअर आज जगभर आहेत. त्यांच्या स्वतःच्या बंदरातली मात्र एकही मुलगी त्यात नाही. याची रुखरुख त्यांच्या मनातून जात नाही. कुठलंही जहाज आलं, की त्यावर घानाची कोणी मुलगी आहे का, हे त्या विचारतातच.

गेल्या वर्षी एक निघाली, तीही त्यांच्याच बंदरातली. मॅडमनी ठेवणीतला ड्रेस घातला आणि आम्ही दोघी लाँचने जहाजावर गेलो. मुलगी थर्ड इंजिनिअर होती. तिने चहा दिला आणि अभिमानाने सांगितलं, "आंटी, आमच्या बंदरातून इंजिनरूममध्ये आलेली मी पहिलीच बाई."

मी तोंड उघडलं. मॅडमनी टेबलाखालून माझा हात दाबला. "शाब्बास," त्या म्हणाल्या आणि तिच्या आईची चौकशी करू लागल्या.

परतीच्या लाँचमध्ये मी तणतणले, "मॅडम, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"याच अभिमानावर तिच्या आईने तिला घराबाहेर पाठवलं असेल, वैशाली. तो मी कसा काढून घेऊ?" मग त्यांनी तोंड पाण्याकडे वळवलं. "पण घरी मला कोणी ओळखत नाही गं," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मॅडमना रडताना मी तेवढंच पाहिलं.

म्हणून त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मला गप्प बसवत नाही. हा लेख इंग्रजीत करून मी त्या मुलीला आणि तिच्या गावच्या शाळेला पाठवणार आहे. मॅडम रागावतील. रागावोत, त्यांचा राग मला नवा नाही. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, इतकं, की ती मुलगी एक दिवस चीफ इंजिनिअर होऊन सेम्बावांगला त्यांच्या दारात उभी राहील आणि तितक्याच अभिमानाने म्हणेल, "आंटी, मी दुसरी."